देवाची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बायबलवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. ‘आधी तेरीज जुळव, मग देवाकडे वळ’ असे आमच्या वर्गातील मंडळी म्हणतीलच. परंतु हा विषय मला सुचला तो हिशेबामुळेच. म्हणून तो हिशेबाच्याच भाषेत मांडतो. धर्मशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. मराठी माध्यमातून शिकलेला, घरी मराठी व गल्लीत कन्नड बोलणारा मी एक विद्यार्थी. बायबल आमच्या घरी मराठीतले, शेजारच्या अक्कांच्या घरी कन्नडातले. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, आणि त्यातून जे हाती आले ते येथे देत आहे.

देव म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक मुनीम उभा राहतो. हिंदू मित्रांकडे चित्रगुप्ताची वही आहे. आम्हा ख्रिस्ती घरांत न्यायाच्या दिवशी उघडल्या जाणाऱ्या पुस्तकांचा धाक आहे. ‘देव सगळे बघतो’ हे वाक्य लहानपणी आपण ऐकले ते धीर यावा म्हणून नव्हे, डब्यातले लाडू शाबूत राहावेत म्हणून.

हा धाक लाडवांपुरता राहिला असता तर मी लिहायला बसलो नसतो. माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांनी निदान सांगितले तेव्हा घरात आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने आईला दहा आज्ञांमधले एक वचन ऐकवले. वडिलांच्या अन्यायाची शिक्षा देव मुलांना तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत देतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. आमचे पणजोबा सावकारी करीत आणि त्यांनी कुणाची तरी जमीन गिळली होती, अशी गोष्ट घरात चालत आलेली. नातेवाइकाने बोटे मोजली. पणजोबा, आजोबा, बाबा आणि ही. बरोबर चार. आई त्यावर काही बोलली नाही. ते तिने अकरा वर्षे मनात ठेवले.

तेव्हा प्रश्न असा की, बायबलातील देवाचा स्वभाव खरोखरच असा आहे काय? तो देव चार पिढ्यांची वसुली करणारा सावकार आहे, की आणखी कुणी? यावर मते पुष्कळ सापडतील. पण बायबलमध्ये एक जागा अशी आहे की, जिथे देव स्वतःच्या स्वभावाचे वर्णन स्वतःच करतो. ती जागा निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे, आणि गंमत अशी की, आमच्या नातेवाइकाने ऐकवलेल्या वचनाचा जोडीदार तिथेच आहे.

प्रसंग ध्यानात घ्यायला हवा. मिसर देशातून सुटून आलेले इस्राएल लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी आहेत. करार नुकताच झालेला. मोशे पर्वतावरून यायला उशीर झाला, एवढ्यात त्यांनी अहरोनाकडून सोन्याचे वासरू करवून घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर स्टँपपेपरवरची शाई वाळण्यापूर्वीच करार मोडला. मोशेने दगडी पाट्या आपटून फोडल्या. माणसे मारली गेली. त्यानंतर मोशे विनंती करतो की, तुझे तेज मला दाखव. त्याला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, आणि देव त्याच्यासमोरून जाताना आपले नाव उच्चारून आपण कसे आहोत ते सांगतो. एखाद्या शुभ मुहूर्तावर, लोक भक्तीत रमलेले असताना, हे सांगितलेले नाही. सर्वांत मोठा विश्वासघात होऊन गेल्यावर, दुसऱ्या पाट्या घडवून आणल्यावर सांगितले आहे. धीर शोधणाऱ्याने ही तारीख आधी टिपून ठेवावी.

त्या वर्णनात पाच गोष्टी येतात : दया, कृपा, रागाचा मंदपणा, न सुटणारी प्रीती आणि सत्यता. दयेसाठी असलेला हिब्रू शब्द ‘रहूम’ हा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या कुळातला आहे. म्हणजे ही दया खुर्चीत बसून अर्ज मंजूर करणाऱ्याची नव्हे. पोटात कालवणारी आहे. कन्नड बायबलमध्ये येथे ‘कनिकर’ आहे, आणि तो रोजच्या बोलण्यातला शब्द असल्याने मला तो आपल्या ‘दयाळू’पेक्षा जवळचा वाटतो. यशया संदेष्टा तर म्हणतो की, आई एक वेळ आपल्या तान्ह्याला विसरेल, पण देव विसरणार नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपल्या प्रांतात हे समजावून सांगण्याची गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई व गुरू अशा जोडनात्याने हाक मारली, ती मराठी भक्तीच्या सवयीने. पण मूळ हिब्रू शब्दातच ती आई दडलेली होती.

मला सर्वांत आवडलेला शब्द तिसरा. मराठी बायबलमध्ये तो ‘मंदक्रोध’ असा आहे. हिब्रूत तो अक्षरशः ‘लांब नाकाचा’ असा आहे! हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले. हिब्रू भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, कारण रागावलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात व श्वास तापतो. आपण तरी दुसरे काय म्हणतो? ‘त्याच्या रागाचे बिऱ्हाड नाकावर.’ ज्याचे नाक लांब, त्याचा राग शेंड्यावर पोहोचायला वेळ लागतो. कन्नडमध्ये याला ‘दीर्घशांत’ म्हटले आहे. मराठीने राग धरून तो मंद केला, कन्नडने शांती धरून ती लांबवली. मूळ शब्दातली लांबी कन्नडात उतरली आणि राग मराठीत उतरला. दोन्ही एकत्र वाचणाऱ्याला पुरा शब्द मिळतो. आपल्या महाविद्यालयाच्या या दोन विभागांच्या अंकालाही ते लागू आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो.

एक मात्र खरे की, मंद म्हणजे बंद नव्हे. नहूम संदेष्टा हेच शब्द घेऊन निनवेच्या नाशाचे भविष्य सांगतो. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये ते शहर पडले. ज्यांना निनवेच्या सैन्याने तुडवले होते, त्यांच्या दृष्टीने देवाला कधी रागच येत नाही ही काही आनंदाची बातमी झाली नसती. गरिबाची जमीन गिळणाऱ्यावर जो मुळीच रागावत नाही, त्याच्या दयेला काय किंमत? माझ्या पणजोबांविषयीची गोष्ट खरी असेल तर ज्याची जमीन गेली त्याच्या बाजूने देव होता, असेच मी मानतो.

चौथा शब्द ‘हेसेद’. याला मराठीत एक शब्द नाही; भाषांतरात कधी दया, कधी वात्सल्य, कधी प्रेमदया असे येते. करारातून उत्पन्न झालेली, पण कराराच्या कलमांपुढे जाणारी निष्ठा, असे काहीसे म्हणता येईल. समोरच्याने करार मोडला तरी जो आपली बाजू सोडत नाही, त्याच्याकडे हेसेद आहे. पाचवा शब्द ‘एमेत’, म्हणजे सत्य, भरवसा; प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘आमेन’ म्हणतो तो त्याच धातूपासून आलेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या १९२२ मध्ये वारल्या, तोवर हेच काम चालले होते. एका-एका शब्दापाशी बाई किती थांबल्या असतील, याची कल्पना असले शब्द पाहिले म्हणजे येते.

आता त्या पिढ्यांच्या हिशेबाकडे येतो. निर्गमात देव म्हणतो की, तो हजारोंवर हेसेद ठेवतो, आणि अन्यायाची झडती तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. आमच्या नातेवाइकाने दुसरे पान वाचले, पहिले वाचलेच नाही. अनुवादाच्या सातव्या अध्यायात तर ‘हजार पिढ्या’ असे स्पष्ट आहे. एका बाजूला हजार, दुसऱ्या बाजूला चार. म्हणजे एकास अडीचशे हे प्रमाण झाले. कोणताही हिशेबनीस हे दोन आकडे पाहून वहीचा कल कुणीकडे आहे ते सांगेल. शिवाय तीन-चार पिढ्या म्हणजे त्या काळच्या एका तंबूत, एका चुलीवर जगणारी माणसे. घरातल्या कर्त्याने केलेले पाप त्या चुलीभोवतीच्या सर्वांना भोवते, हे आपणही पाहतो. दारुड्या बापाची मुले उपाशी राहतात. पण परिणाम भोवणे वेगळे आणि देवाने निष्पाप मुलाच्या नावावर पणजोबांचे कर्ज मांडणे वेगळे.

हा फरक मी काढलेला नाही, बायबलनेच काढला आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये यरुशलेमचे पुष्कळ लोक कैद करून बाबेलला नेले गेले. त्यांत यहेज्केल होता. तिथे लोकांत एक म्हण पडली होती : आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. आमचे हाल हे आमच्या पूर्वजांमुळे, असा तिचा अर्थ. यहेज्केलाचा अठरावा अध्याय सबंध या म्हणीविरुद्ध आहे. ती म्हण पुन्हा उच्चारू नका, असे देव बजावतो. बाप वाईट आणि मुलगा चांगला असेल तर बापाचे पाप मुलाच्या अंगी लागणार नाही, हे तेथे एखाद्या न्यायालयाच्या निकालासारखे मुद्देसूद सांगितले आहे. यिर्मयानेही तीच म्हण मोडीत काढली आहे. आणि आणखी एक गोष्ट : निर्गमातले हे वर्णन पुढे बायबलमध्ये अनेकदा उद्धृत झाले आहे, गणनेत, नहेम्यात, स्तोत्र ८६, १०३ व १४५ मध्ये, योएलात, योनात. यांतील बहुतेक ठिकाणी पिढ्यांच्या शिक्षेचा भाग गाळलेला आहे, आणि योएल व योना यांनी त्या जागी देव अरिष्ट आणण्यापासून माघार घेतो, अशी भर घातली आहे. एकाच वचनाची पुढच्या पिढ्यांनी केलेली ही नक्कल पाहिली की त्यांना त्यातले काय जपून ठेवावेसे वाटले ते कळते.

योहानाच्या नवव्या अध्यायात तर आमच्या घरचा प्रश्नच विचारला आहे. जन्मांध मनुष्य दिसताच शिष्य येशूला विचारतात : पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पुढे तो म्हणतो की, या माणसाच्या ठायी देवाची कार्ये प्रकट व्हावीत. आणि त्याला दृष्टी देतो. हा दुसरा भाग मला अवघड जातो, कारण माझ्या बहिणीला ऐकू येऊ लागलेले नाही. पण पहिला भाग अगदी सोपा आहे, आणि आईला तोच हवा होता. आमच्या पाळकसाहेबांनी तिला तो मराठीतून वाचून दाखवला व शेजारच्या अक्कांनी कन्नडातून. आई एवढेच म्हणाली, “मग ते दुसरं काय सांगत होते?” पूर्वी ती बहिणीला लग्नकार्याला नेत नसे. आता नेते. खाणाखुणांनी बोलणाऱ्या मुलीकडे बायका पाहत राहतात, तेव्हा आईही त्यांच्याकडे पाहत राहते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खरी मेजवानी आहे ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायात. एका राजाने आपल्या चाकरांचा हिशेब घेतला. एकाकडे दहा हजार तालांत येणे निघाले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोजगार. तेव्हा कर्ज झाले सहा कोटी दीनारांचे. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर एका मजुराला ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील, आणि तीही न जेवता. जोसीफस या इतिहासकाराने हेरोद अंतिपाचे गालील व पलीकडच्या प्रांताचे वार्षिक उत्पन्न दोनशे तालांत दिले आहे. म्हणजे त्या सबंध राज्याचा पन्नास वर्षांचा महसूल! येशूचे श्रोते गालीलातलेच. आकडा ऐकून ते हसले असतील असे मला वाटते. आणि हा चाकर काय म्हणतो? ‘मला मुदत द्या, सगळे फेडतो.’

मुदत मागण्यासाठी येथे जो ग्रीक शब्द आहे तो विलक्षण आहे. हिब्रू ग्रंथांचे जे जुने ग्रीक भाषांतर आहे, त्यात ‘लांब नाकाचा’ याला ‘माक्रोथिमोस’ म्हटले आहे, आणि चाकराच्या तोंडी त्याच शब्दाचे क्रियापद आहे. म्हणजे तो म्हणतो, माझ्याशी मंदक्रोध व्हा. त्याने मुदतवाढ मागितली. राजाने कर्जच माफ केले. पुढे याच चाकराने शंभर दीनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याचा गळा धरला. सोबत्याने अगदी त्याच शब्दांत मुदत मागितली, आणि याने त्याला तुरुंगात टाकले. एकीकडे सहा कोटी, एकीकडे शंभर : सहा लाखास एक. शेवटी राजा माफी मागे घेतो व त्याला शिक्षा करणाऱ्यांच्या हाती देतो. हा शेवट कठोर आहे. तो गाळून दाखला सांगणारे मी पाहिले आहेत. पण ज्याचा गळा धरला गेला त्याला विचारून पाहावे.

येथे पुस्तपालनाचा एक मुद्दा मांडतो. कर्ज माफ केले म्हणून ते हवेत विरत नाही. ऋणकोच्या खाती रक्कम जमा होते, बुडीत कर्ज खाते नावे पडते, ते नफा-तोटा खात्यात जाते, आणि अखेर धन्याच्या भांडवलातून तेवढे वजा होते. ऋणको मोकळा झाला, तो तोटा धन्याने सोसला म्हणून. ख्रिस्ती लोक क्रुसाविषयी जे बोलतात ते समजून घ्यायला मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचे हे प्रकरण अधिक उपयोगी पडले. क्षमा फुकट नसते. कुणाच्या तरी भांडवलातून ती जाते. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात ऋणपत्र खोडून क्रुसाला ठोकल्याचे जे चित्र आहे, ते याच हिशेबाचे आहे.

आता परीक्षा, निकाल आणि नोकरी यांनी गांजलेल्या मित्रांसाठी एलीयाचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. राणीच्या धमकीने पळालेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करीत नाही, ‘हिंमत धर’ असेही म्हणत नाही. त्याला झोपू देतो. दूत येऊन निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा कुंजा देतो. पुन्हा झोपू देतो, पुन्हा जेवू घालतो. मग तो चालत होरेब पर्वताला जातो. होरेब म्हणजे सीनायच. मोशेने ते नाव ऐकले तीच जागा. तेथेही त्याला प्रथम प्रश्न विचारला जातो, तू येथे काय करतोस? त्याची तक्रार दोनदा ऐकून घेतली जाते, आणि मग त्याच्याकडे काम सोपवले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करून रडणाऱ्या मित्राला आधी भाकरी द्यावी, हे यावरून मी शिकलो.

योनाविषयी लिहून थांबतो. त्याला माशाने गिळले तेवढेच सर्वांना ठाऊक असते. पण तो पळाला का, हे तो चौथ्या अध्यायात सांगतो : देवा, तू दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला आधीच माहीत होते, म्हणूनच मी पळालो. निनवेच्या लोकांना क्षमा मिळेल याची त्याला धास्ती होती, आणि ती मिळाली. देवाच्या स्वभावाचे तेच जुने वर्णन तो तोंडपाठ म्हणतो, पण कुरकुरत, तक्रार म्हणून. शहराबाहेर मांडव घालून तो रुसून बसतो. त्याच्यावर सावली धरणारी वेल एका किड्याने खाल्ली, तेव्हा तो वेलीसाठी मरण मागतो. त्यावर देव त्याला विचारतो की, तू लावली नाहीस त्या वेलीची तुला हळहळ वाटते. मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे ज्या शहरात आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्या निनवेची मला हळहळ वाटू नये काय?

पुस्तक या प्रश्नावरच संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. मला त्यातली गुरेढोरे फार आवडतात. एवढ्या मोठ्या शहराच्या हिशेबात ती मोजायची कुणाला आठवण राहिली असती?